बंदरात स्फोट झाल्यावर पैसे कुणाला मिळतात, कधी मिळतात आणि कुठे अडतात

तुम्ही लिहिलंय की हंगामात तुमचे द्राक्षांचे पाच-सहा रीफर (थंड ठेवणारे) कंटेनर एकाच वेळी न्हावा शेव्याला उभे असतात. लेबनॉनची राजधानी बैरूतच्या बंदरातल्या स्फोटानंतर विमा उतरवलेल्या व्यापाऱ्यांनाही पैशांसाठी ताटकळावं लागलं, हे वाचून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: विमा असून पैसे का अडतात, आणि तसं काही आपल्याकडे झालं तर तुमच्या मालाचं काय होईल. मी माल-विम्याच्या दाव्यांचा सर्व्हेयर आहे, म्हणजे झालेलं नुकसान पाहून मोजणारा. सुरुवात मुंबई बंदरात झाली, नंतरची बरीच वर्षं न्हावा शेव्याच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेर कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या यार्डांत) आणि उरण-पनवेल पट्ट्यातल्या गोदामांत गेली. बैरूतएवढा स्फोट मी पाहिलेला नाही. जळालेलं गोदाम, भिजलेल्या गाठी, पिचलेले कंटेनर आणि त्यानंतर सुरू होणारी कागदांची मारामारी मात्र नेहमीची आहे. मोठ्या स्फोटानंतरही मारामारी त्याच कागदांची असते, रकमेवरची शून्यं तेवढी वाढतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या पोटात एक दुसराच प्रश्न आहे, तो आधी बाहेर काढतो. स्फोटात नुकसान किती झालं हे मोजणं आणि स्फोट का झाला हे ठरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम काही आठवड्यांत होतं. दुसऱ्याला वर्षं लागतात, कधी ते होतच नाही. जिथे पैसे दुसऱ्या कामाला बांधलेले असतात तिथे लोक अडकतात. बैरूतमध्ये झालं ते हेच.

४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी सहानंतर बैरूत बंदरातलं १२ नंबरचं गोदाम उडालं. आत २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं, खतात आणि स्फोटकांत वापरतात ते रसायन. ‘रोसुस’ नावाच्या जहाजातून ते जॉर्जियातल्या बातुमीहून मोझांबिकच्या बैरा बंदराला निघालं होतं. २०१३ च्या नोव्हेंबरात जहाज बैरूतला आलं, तिथे अडकवलं गेलं आणि मालकाने ते वाऱ्यावर सोडलं. २०१४ मध्ये माल उतरवून गोदामात टाकला आणि तो तिथेच पडून राहिला. जहाज पुढे २०१८ मध्ये त्याच बंदरात बुडालं. मधल्या काळात कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी हा माल हलवू द्या, विकू द्या, परत पाठवू द्या, म्हणून न्यायालयाकडे पत्रांवर पत्रं धाडली होती. स्फोटात दोनशेहून जास्त माणसं गेली, सहा हजारांवर जखमी झाली आणि सुमारे तीन लाख लोकांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं.

आता दोन्ही कामांना किती वेळ लागला ते पाहा. जागतिक बँक, युरोपीय संघ आणि संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट संपायच्या आत पाहणी पूर्ण करून आकडा दिला: मालमत्तेचं नुकसान ३.८ ते ४.६ अब्ज डॉलर. म्हणजे मोजणी महिन्याच्या आत झाली. कारणाच्या तपासाचं काय झालं? पहिले तपास न्यायाधीश फादी सवान यांना २०२१ च्या फेब्रुवारीत हटवलं. त्यांच्या जागी तारेक बितार आले. त्यांनी माजी मंत्र्यांना बोलावलं, तर त्यांच्याविरुद्धच अर्जांचा पाऊस पडला आणि तपास ठप्प झाला. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी पुन्हा काम सुरू केलं, तेव्हा देशाच्या मुख्य सरकारी वकिलांनी अटकेतल्या सगळ्यांना सोडून दिलं आणि उलट बितार यांच्यावरच आरोप ठेवले. २०२५ च्या जानेवारीत नवे राष्ट्राध्यक्ष आल्यावर तपास परत हलला. पाच वर्षं उलटली तरी एकालाही शिक्षा झालेली नव्हती.

या सगळ्यात विमा कंपन्या कुठे आल्या, तर त्या अधिकृत अहवालाची वाट पाहत बसल्या. विमा असलेल्या नुकसानाचा आकडा सुमारे एक अब्ज डॉलरच्या घरात होता. लेबनॉनमधल्या स्थानिक कंपन्यांनी एवढी जोखीम स्वतःकडे ठेवलेली नव्हती, ती परदेशातल्या पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे, वळवलेली होती. पुनर्विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो तो हाच: हा अपघात होता, घातपात होता की युद्धाचा भाग होता? यावर कागद द्या, मग पैसे देतो. छोटे दावे स्थानिक कंपन्यांनी आपल्या खिशातून भागवले. मोठे अडले, आणि सुटले तेव्हाही तुकड्या-तुकड्यांनी.

तुम्ही म्हणाल, स्फोट तर झालाच ना, मग कारणाने काय फरक पडतो? पॉलिसीच्या भाषेत फार फरक पडतो, आणि हे तुमच्याही पॉलिसीला लागू आहे म्हणून जरा थांबून सांगतो. निर्यातीच्या मालाचा विमा बहुतेक वेळा ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’ या ठरलेल्या शब्दांवर निघतो. त्याचे ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत, त्यात ए सर्वांत रुंद आणि सी सर्वांत अरुंद. आग आणि स्फोट हे धोके अगदी सीमध्येसुद्धा येतात. इथवर ठीक. पण तिन्ही प्रकारांतून युद्ध वगळलेलं आहे. युद्धाचं संरक्षण वेगळ्या क्लॉजने विकत घेता येतं, तरी ते मुख्यतः माल जहाजावर असेपर्यंतच चालतं. जमिनीवर, म्हणजे गोदामात किंवा यार्डात उभ्या असलेल्या मालाला युद्धाचं विमाछत्र नसतं. विमा बाजाराने हे फार पूर्वी जाणूनबुजून ठरवलं, कारण एका बॉम्बहल्ल्यात एका बंदरातला सगळा माल गेला तर तो बोजा कुणालाच पेलवणार नाही. घातपाताचं कलम आणखी वेगळं. थोडक्यात, तोच कंटेनर, तोच स्फोट, तेच नुकसान. पण ठिणगी वेल्डिंगची असेल तर पैसे मिळतील आणि क्षेपणास्त्राची असेल तर मिळणार नाहीत. बैरूतमध्ये पहिल्याच आठवड्यात हल्ल्याच्या अफवा उठल्या होत्या. त्यांना आधार सापडला नाही, पण ‘अहवाल येऊ द्या’ म्हणायला तेवढं पुरलं.

इथे माझं मत सांगतो, सगळ्या सहकाऱ्यांना ते पटत नाही. वगळलेला धोका सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते. युद्ध झालं असं कंपनीला म्हणायचं असेल तर तिने ते दाखवावं. दाखवता येत नसेल तर अपघात समजून पैसे द्यावेत आणि पुढे दोषी सापडला तर त्याच्याकडून वसूल करावेत. पैसे दिल्यावर विमाधारकाचे हक्क कंपनीकडे येतात, ही तरतूद त्यासाठीच तर आहे. कागदोपत्री हा नियम सगळ्यांना मान्य असतो. पण स्थानिक कंपनीच्या मागे पुनर्विमा कंपनी उभी असते, तिच्या करारातले शब्द वेगळे असतात, आणि अहवाल मागण्याचं कलम तिथे असलं की व्यापारी कितीही बरोबर असला तरी रांगेत उभा राहतो.

बैरूतमध्ये यावर आणखी एक घाव बसला. त्या वेळी देशाच्या बँकाच बुडत होत्या. लेबनीज पौंडाचा सरकारी दर डॉलरला सुमारे १,५०० होता, बाजारात तो स्फोटाच्या महिन्यातच सात-आठ हजारांवर होता, आणि २०२३ मध्ये नव्वद हजारांच्या आसपास गेला. बँकेतले जुने डॉलर रोख मिळत नव्हते. म्हणजे ज्याच्या दुकानाच्या काचांचा अंदाज ऑगस्टमध्ये झाला त्याला दोन वर्षांनी तोच आकडा स्थानिक चलनात दिला असता, तर त्यात चौकटसुद्धा आली नसती. उशीर म्हणजे नुसता मनस्ताप नव्हे, तो नुकसानाचाच भाग आहे, आणि पॉलिसीत त्याची भरपाई कुठेच लिहिलेली नसते.

कारण माहीत नसताना नुकसान मोजता येतं का, अशी शंका तुमच्या मनात असेल. येतं. स्फोटाची लाट वस्तूंवर खुणा ठेवून जाते. कंटेनरची स्फोटाकडची भिंत आत दबते, पलीकडची फुगते. दरवाज्याची रबरपट्टी सुटते आणि आतला माल वरून धड दिसला तरी पुढच्या पावसात भिजतो. काचांचं गणित नवख्याला चकवतं: आधी दाबाची लाट येते, तिच्या मागोमाग ओढ येते, त्यामुळे काचा कधी घरात पडतात तर कधी रस्त्यावर. काचा बाहेर पडल्या म्हणून स्फोट आतच झाला असं लिहिणारे अहवाल मी वाचलेत. अंतर सारखं असूनही नुकसान सारखं नसतं. बैरूतच्या गोदामाला लागून धान्याचे प्रचंड कोठार होते, ४८ मीटर उंच, एक लाख वीस हजार टनांची क्षमता. त्यांनी लाटेचा मोठा भाग अंगावर घेतला आणि शहराची पश्चिमेकडची बाजू बरीच वाचली. कोठारांचा उरलेला उत्तरेकडचा भाग दोन वर्षांनी, २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टप्प्याटप्प्याने पडला, कारण आत अडकलेलं धान्य आंबून पेटलं होतं. कंटेनर टर्मिनलच्या क्रेन बऱ्याचशा शाबूत होत्या, तिथे आठवड्याभरात काम सुरू झालं. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी नकाशा काढतो: कोणती वस्तू कुठे होती, मध्ये काय आडवं होतं, तिचं तोंड कुठे होतं. हा नकाशा आठ दिवसांत झाला नाही तर बुलडोझर सगळं एका ढिगात ढकलतो आणि पुढे फक्त शपथपत्रं उरतात.

जागेवर पोचणं हीच खरी अडचण असते. चीनमधल्या तिआनजिन बंदराजवळ १२ ऑगस्ट २०१५ च्या रात्री रसायनांच्या गोदामात दोन स्फोट झाले. सुकलेल्या नायट्रोसेल्युलोजने आपोआप पेट घेतला आणि आग पुढे अमोनियम नायट्रेटपर्यंत पोचली. १६५ मृत, आठ बेपत्ता. मृतांत अर्ध्याहून अधिक आग विझवायला गेलेले. त्याच गोदामात शेकडो टन सोडियम सायनाइड होतं, त्यामुळे सगळा परिसर बंद केला. सरकारी अहवालाप्रमाणे १२,४२८ गाड्या आणि ७,५३३ कंटेनर नुकसानीत धरले गेले. यातल्या कितीतरी मालाजवळ सर्व्हेयर आठवडेच्या आठवडे फिरकू शकले नाहीत. उपग्रहाची छायाचित्रं आणि ड्रोन यांवर अंदाज बांधावे लागले. ज्या गाड्या वरून ठीक होत्या त्यांचं काय करायचं यावर वाद झाला, कारण सायनाइडच्या सावलीत उभी राहिलेली नवी गाडी घेणार कोण? खाण्याच्या मालाचं तर याहून वाईट. द्राक्षाच्या पेटीत काचेचा एक कण असू शकतो, एवढी शंका पुरते.

तिआनजिनमध्ये सहा महिन्यांत अहवाल आला, वर्ष-सव्वा वर्षात ४९ जणांना शिक्षा झाली, आणि आसपासच्या घरमालकांना मूळ खरेदी किमतीच्या १.३ पट देऊन घरं परत घेण्याची योजना आली. वेग पाहिला तर बैरूतवाल्यांनी हेवा करावा. पण तिथे प्रश्न विचारण्याची सोय किती होती, हे तुम्ही-मी जाणतो. वेगाने मिळालेला पैसा आणि मोकळेपणाने शोधलेलं सत्य या दोन्ही गोष्टी लागतात, आणि एकीसाठी दुसरी गहाण टाकावी लागू नये.

अमेरिकेचं उदाहरण उलट टोकाचं आहे. टेक्सास सिटीच्या धक्क्यावर १६ एप्रिल १९४७ रोजी ‘ग्रँडकॅम्प’ जहाजातलं सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट उडालं. ५८१ मृत्यू. खत सरकारी कारखान्यांत, सरकारी योजनेतून बनलेलं, म्हणून लोकांनी सरकारवर दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकले, पुढे हरले, आणि १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही धोरणात्मक निर्णयांसाठी सरकारला जबाबदार धरता येत नाही असं सांगितलं. शेवटी अमेरिकी काँग्रेसने १९५५ मध्ये खास कायदा केला आणि १९५७ पर्यंत सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर वाटले. दोषाच्या वाटेने गेले तर दहा वर्षं, आणि शेवटी पैसे मिळाले ते दोष न ठरवता.

आपल्या मुंबईतला प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल, पण तो सहसा सोन्याच्या विटांच्या गोष्टीपुरता सांगितला जातो. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या ८,७०० कापसाच्या गाठी. शिवाय लाकूड, तेल, गंधक. आमच्या धंद्यात आज कुणी असा माल एका जहाजात रचला तर त्याचं लायसन्स जाईल. तेव्हा महायुद्ध चाललं होतं आणि जहाजं कमी होती. दुपारी धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. आग विझवणाऱ्या दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यामुळे. मस्जिद बंदर, मांडवीकडच्या वखारी आणि चाळी जळाल्या, ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर झाले, पन्नास हजार टनांहून जास्त धान्य गेलं. आदल्याच वर्षी बंगालचा दुष्काळ झालेला असताना. ढिगारा उपसून गोदी पुन्हा चालू करायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती.

युद्धाच्या सेन्सॉरमुळे कित्येक आठवडे वर्तमानपत्रांत याचं नीट वर्णनही छापता आलं नाही. सरकार लपवालपवी करत होतं यात शंका नाही. पण भरपाईच्या बाबतीत त्याच सरकारने एक पाऊल वेगळं टाकलं: १९४४ मध्येच स्फोटाच्या भरपाईसाठी खास वटहुकूम काढला आणि जबाबदारी स्वतःकडे घेतली. युद्धाचा धोका की साधी आग, स्फोट की त्यानंतरची आग, हा वाद प्रत्येक वखारवाल्याने आपापल्या विमा कंपनीशी कोर्टात घातला असता तर मांडवीची बाजारपेठ उठली नसती. परकं सरकार, बंदी घातलेल्या बातम्या, आणि तरीही हे सुचलं, कारण गोदी चालू होणं त्यांच्याही गरजेचं होतं. हेतू काही असो, पद्धत बरोबर होती. (जहाजात सोन्याच्या विटाही होत्या. त्यांचं सांगायचं तर, एक वीट दूरवर एका पारशी गृहस्थांच्या घरात येऊन पडली आणि त्यांनी ती परत केली. बाकीच्या गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या. सॅल्व्हेजचं, म्हणजे बुडालेला माल वाचवून काढण्याचं, काम संपलं असं कधी म्हणू नये, असं आमच्यातले जुने लोक म्हणायचे.)

आज आपल्याकडे काय आहे? भोपाळनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्याने विमा उतरवायचा आणि अपघातात सापडलेल्या बाहेरच्या लोकांना, चूक कुणाची हे सिद्ध न करता, तातडीची मदत द्यायची, हे त्याचं सूत्र. सूत्र उत्तम. पण मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी २५,००० रुपये धरले होते, त्यावरून मदतीचा आवाका लक्षात येईल. त्याआधी दिल्लीतल्या एका कारखान्यातून झालेल्या ओलियम वायूच्या गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की धोकादायक उद्योगाला ‘आम्ही काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही. तत्त्व भक्कम आहे, पण पैसे हातात येईपर्यंतचा रस्ता कोर्टातूनच जातो. तुमच्यासारख्या माल-मालकाला यातून फारसं मिळणार नाही. हे कायदे आजूबाजूच्या माणसांसाठी आहेत आणि तसेच असावेत. तुमचं कुणी नातेवाईक उरण किंवा द्रोणागिरीत राहत असेल तर त्यांना घराचा विमा घ्यायला सांगा. आपल्याकडच्या घरविम्यात स्फोट येतो आणि हप्ता फार नसतो, तरी घेणारे कमी.

बैरूतनंतर आपल्याकडेही धावपळ झाली. कस्टम्सने देशभरच्या गोदामांतला धोकादायक माल ४८ तासांत तपासायला सांगितला. चेन्नईजवळ २०१५ मध्ये जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट ३७ कंटेनरांत पडून होतं, ते लिलावाने हैदराबादला हलवलं. २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांत २०२१ मध्ये बदल करून बंदरात साठवण नको, जप्त मालाचा लिलाव करा, असं ठरलं. परवान्यांचं काम नागपुरात मुख्यालय असलेली पेसो ही स्फोटकांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था पाहते. हे सगळं चांगलं झालं. पण माझ्या अनुभवात धोका नाव लिहिलेल्या मालापेक्षा खोटं नाव लिहिलेल्या मालात असतो. भाडं वाचवायला आणि धोकादायक मालाचे सोपस्कार टाळायला रसायन ‘क्लीनिंग पावडर’ म्हणून जातं, बॅटऱ्या ‘सुटे भाग’ म्हणून. तुमची द्राक्षं कितीही स्वच्छ असली तरी शेजारच्या कंटेनरवर काय लिहिलंय आणि आत काय आहे हे तुमच्या हातात नाही.

जे हातात आहे तिकडे येतो. इथून पुढे सगळं तुमच्या पॉलिसीच्या शब्दांवर आणि विक्रीच्या करारावर अवलंबून आहे, ते न बघता छातीठोक सांगणं बरं नाही. तरी तीन जागा हमखास फसव्या असतात.

पहिली एफओबीची, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापुरती जबाबदारी घेणाऱ्या विक्रीची. तुम्ही एफओबीवर विकत असाल तर माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची. पण विमा खरेदीदाराने घेतलेला असतो, आणि तो त्याच्या जोखमीपुरता. म्हणजे पॅकहाउसपासून यार्डात उभं राहण्यापर्यंतचा जो टप्पा आहे, ज्यात बंदरातला स्फोट तुम्हाला गाठू शकतो, तोच उघडा. बरेच निर्यातदार ‘समोरच्याचा विमा आहे’ म्हणून निर्धास्त असतात. त्या टप्प्याचा वेगळा विमा मिळतो, स्वस्त असतो. कन्साइनमेंटवर (तिकडे माल विकला गेल्यावर पैसे, या बोलीवर) पाठवत असाल तर मालकी तुमचीच राहते, मग शेवटपर्यंतचं छत्र तुम्हीच घ्यायचं. सीआयएफमध्ये (किंमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेल्या विक्रीत) विमा तुम्ही घेता, पण कमीत कमी सी प्रकारचा घेतला तरी करार पुरा होतो. द्राक्षासाठी सी म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

दुसरी उशिराची. समजा स्फोट टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला झाला, तुमच्या कंटेनरला ओरखडाही नाही, पण बंदर बारा दिवस बंद. द्राक्षं सडली. कार्गो क्लॉजेसमध्ये उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे, उशिराचं कारण विम्यात बसणारं असलं तरीही. हे वाक्य मी निर्यातदारांना दाखवतो तेव्हा ते दोनदा वाचतात. नाशवंत मालात स्फोटाची सर्वांत मोठी झळ याच कलमातून लागते.

तिसरी रीफरच्या विजेची. बंदराची वीज गेली, प्लग बंद, तापमान चढलं. तुमच्या पॉलिसीत ‘रेफ्रिजरेशन मशिनरी सलग २४ तास बंद पडल्यास’ असे शब्द असतील तर वाद ठरलेला: मशीन बिघडलं की नुसती वीज गेली? काही कंपन्या मानतात, काही मानत नाहीत. वीज खंडित होणं स्पष्ट शब्दांत घालून घ्या. प्रत्येक कंटेनरमध्ये स्वतःचा तापमान रेकॉर्डर ठेवा. शिपिंग लाइनचा डेटा महिन्यांनी मिळतो, कधी मिळतच नाही.

कागदांबद्दल एवढंच: बंदर उडालं तर बंदरातले कागदही जातात. गेट पास, सीलचा नंबर, स्टफिंगचे (कंटेनरमध्ये माल भरतानाचे) फोटो, कंटेनर आत गेल्याची वेळ, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट हे त्याच दिवशी तुमच्या ऑफिसात आणि दुसरीकडे कुठेतरी असायला हवं. दावा त्या क्षणी माल कुठे होता यावर उभा राहतो, आणि ते सिद्ध करण्याचं काम तुमचं. घटना घडल्यावर विमा कंपनीला लेखी कळवा, शिपिंग लाइनला आणि सीएफएसला जबाबदार धरणारं पत्र द्या, वसुलीचा हक्क बुडू देऊ नका. जहाज कंपनीवरच्या दाव्याला सहसा वर्षाची मुदत असते. सर्व्हेयर येईपर्यंत माल फेकू नका, पण वाचवता येईल तेवढा वाचवा, त्याचा वाजवी खर्च मिळतो. आणि कारणाबद्दल स्वतः काही लिहू नका. ‘घातपात झाला असावा’ असं एक वाक्य तुमच्या पहिल्या पत्रात गेलं तर तेच पुढे तुमच्यासमोर वाचून दाखवतील. ‘अमुक वेळी स्फोट झाला, नुकसान दिसत आहे, पाहणी करावी’ एवढं पुरे. आपल्याकडे बहुतेक आगींचं कारण पहिल्या दिवशी ‘शॉर्टसर्किट’ म्हणून नोंदलं जातं आणि मग ते बदलायला आम्हाला महिने लागतात, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतोय.

तुमची पॉलिसी वार्षिक ओपन कव्हर (वर्षभरातल्या सगळ्या खेपांसाठी एकच) असेल तर आणखी एक आकडा पाहा: एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त किती रकमेचा माल धरलाय. सहा कंटेनर उभे आणि मर्यादा तिघांची, असं मी फळ-निर्यातदारांच्या बाबतीत बरेचदा पाहिलंय. हंगाम जानेवारीत भरात येतो आणि डिसेंबरात विमा दलालांकडे श्वास घ्यायला जागा नसते, म्हणून हे शब्द दिवाळीच्या सुमारासच लेखी बदलून घ्या. पॉलिसीचं शेड्यूल आणि क्लॉजेसची पानं नाव व रकमा झाकून पाठवलीत तर एफओबीच्या आधीचा टप्पा त्यात आहे की नाही, एवढं मी पाहून सांगेन.